एका अंगठ्यापुरतं किट

नवघर, भाईंदर पूर्व
११ जुलै २०२५

कौस्तुभ भावजी,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडता परत पाठवाल, म्हणून वरचा पत्ता कॉनीकडून लिहून घेतला. कॉनी म्हणजे उत्तनहून रोज सकाळी येणारी बाई. चंदनचं अंग पुसणं, कूस बदलणं, पोटातल्या नळीतून पेज देणं हे ती आणि मी मिळून करतो. तुमचा पत्ता मिळाला तो गेल्या दिवाळीला तुम्ही आईंना पाठवलेल्या शालीच्या खोक्यावर. आम्हा दोघांचे नंबर तुम्ही ब्लॉक केलेत, आणि आईंना फोन उचलता येतो, लावता येत नाही, आणि त्यांच्या फोनवरून मी लावला तर त्यांना कळेल. तेव्हा टपाल.

ख्यालीखुशाली विचारत नाही, कामाचंच लिहिते. तुम्ही तिकडे बंगळुरूत मुलांना छोट्या कॉम्प्युटरवर दिवे लावायला, गाड्या चालवायला शिकवता असं ऐकलं. मला त्यातलं एक किट घ्यायचंय. कुठलं घेऊ एवढंच सांगा.

कशासाठी, तेही सांगायला हवं. चंदनला नसांचा आजार आहे हे तुमच्या कानावर गेलं असेलच, नातेवाइकांना दुसरं काम काय! पण किती, ते कोणी सांगितलं नसेल. डोकं अगदी शाबूत आहे आणि एकेक स्नायू बंद पडत चाललाय. आधी हात गेले, मग गिळणं, मग गेल्या दिवाळीपासून बोलणं. आता भुवया हलतात आणि उजव्या पायाचा अंगठा हलतो. भुवया वर म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. एवढ्यावर आमचा संसार चाललाय.

आता श्वासाचे स्नायू सैल पडताहेत. डॉक्टरांनी मला आणि आईंना बाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावून सांगितलं, की काही महिन्यांत गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावावं लागेल, आणि ते मग कायमचं. नाहीतर मशीन लावायचंच नाही आणि औषधं देऊन, त्रास होऊ न देता त्याला जाऊ द्यायचं. पेशंटचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते आत्ताच विचारून ठेवा, असं म्हणाले. आई तिथल्या तिथे म्हणाल्या, "लावा. त्यात विचारायचं काय?" आणि येताना रिक्षात मला बजावलं, "त्याला यातलं अक्षर सांगू नकोस. खचेल तो."

तुम्ही म्हणाल, भुवईनं हो-नाही सांगतो तर मग विचार की. पण तुमचा दादा तुम्हाला माहीत आहे. आईंनी विचारलं, "बरं वाटतंय ना रे?" भुवया वर. "देवाचं लावू ना?" भुवया वर. आईंच्या प्रश्नाला हा माणूस उभ्या जन्मात नाही म्हणाला नाही, अगदी माझ्याशी लग्न करतोस का म्हणून विचारलं तेव्हासुद्धा. आता मशीन लावूया ना म्हणून त्या विचारतील आणि हा भुवया वर करेल, संपलं. मला त्याचं हो नकोय. कोणी न विचारता, त्याच्या मनातलं वाक्य त्याला बोलता यायला हवंय. स्क्रीनवर अक्षरं फिरत राहतील आणि हवं ते आलं की तो अंगठ्यानं बटण दाबेल, असं या किटवर करता येतं असं मी वाचलंय. डोळ्यांवर चालणारी मोठी यंत्रं आम्हाला झेपणारी नाहीत.

केबिन रोडला एक इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. तिथल्या शेठनं विचारलं, "बच्चे का प्रोजेक्ट है? कौनसी में है?" मी म्हटलं, "दसवी में." त्यानं तीन खोकी समोर मांडली. एकात नुसता बोर्ड, पत्त्यांच्या कॅटएवढा. दुसऱ्यात बोर्ड, त्याची डबी, चार्जर, मेमरी कार्ड, टीव्हीला जोडायची वायर आणि एक पुस्तिका. तिसरं खोकं मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढं, त्यात दिवे, वायरी, पंखा, कुंडीतला ओलावा मोजायचं काहीतरी. "बडावाला लो मॅडम, बच्चा खुश हो जायेगा." मी विचार करून सांगते म्हटलं आणि निघाले.

अंगठा हलतोय तोवर यातलं कुठलं चालू होईल, ते लिहा. हे पत्र लिहिल्याचं चंदनला माहीत नाही, आईंनाही नाही.

उर्मिला


नवघर
२ ऑगस्ट

कौस्तुभ भावजी,

तुमचं पत्र आलं. एकच पान, त्यात अर्धं किटबद्दल आणि अर्ध्यात मला बोलणी.

आधी किटचं. दुसरं खोकं घ्या, नुसता बोर्ड मुळीच घेऊ नका, असं तुम्ही लिहिलंत. पण पत्राची वाट बघून मी कंटाळले आणि त्याआधीच नुसता बोर्ड घेऊन आले. म्हटलं, चार्जर तर घरात पडलेत, टीव्हीची वायर पडलीये, मग त्याच वस्तू परत कशाला घ्यायच्या? आपल्याकडे कुठल्याही घरात असाच विचार करतात. शेठच्या माणसानं मेमरी कार्ड भरून दिलं, बटणाला दोन वायरी डकवून दिल्या. घरी आणून मोबाइलच्या चार्जरवर लावलं आणि चालू झालं. मी टाळ्या वाजवल्या.

मग चंदननं दोन अक्षरं लावली की स्क्रीन काळा. परत सुरू केला, परत दोन अक्षरं, परत काळा. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची एक बारीकशी पिवळी खूण दिसायची, तिचा अर्थ मला काय कळणार! वीज पुरेशी मिळत नाहीये असं तो बोर्ड केव्हाचा सांगत होता, हे तुमच्या पत्रातून समजलं. पण तोवर दोन दिवस गेले होते. आपलाच अंगठा चुकतोय असं चंदनला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बटण दाबणंच सोडलं आणि डोळे मिटून पडून राहिला. मला स्वतःचा इतका राग आला की तो चार्जर मी खिडकीतून खाली भिरकावला. सोसायटीचा वॉचमन वर घेऊन आला.

आता बोलण्यांचं. "आजारपण लपवायची तुमच्या घरची रीतच आहे. दादाला तरी सांगितलंय का, की त्यालाही माझ्यासारखं दहाव्यालाच कळवणार?" असं तुम्ही लिहिलंत. लिहा, तुमचा हक्क आहे. पप्पा जाण्याआधी महिनाभर दवाखान्यात होते आणि तुम्हाला फोनवर "जरा खोकला आहे" एवढंच सांगत राहिला तो चंदनच. पण त्याला तसं बोलायला सांगितलं आईंनी. तुमच्या नव्या नोकरीचा पहिला महिना होता, कशाला त्याच्या डोक्याला ताप, म्हणून. तुम्ही दहाव्याला आलात ते घाटावरूनच परत गेलात, घराची पायरी चढला नाहीत. चंदन त्या दिवशी जेवला नव्हता. या घरात सगळं समोरच्याच्या भल्यासाठी लपवतात, आणि समोरचा मेल्यागत होतो तरी कोणाला आपलं काही चुकलं असं वाटत नाही.

म्हणून तर तुम्हाला लिहिलं. माणसाला विचारायला हवं असं वाटणारी आपण दोघंच आहोत. चिडून का होईना, मदत करा.

उर्मिला


नवघर
२४ ऑगस्ट

कौस्तुभ भावजी,

खोकं मिळालं. एवढं कराल असं वाटलं नव्हतं. चार्जर, डबी, मराठी अक्षरं घातलेलं कार्ड, आणि ते तांबडं बटण! आईंनी विचारलं, काय आलंय? कॉनीनं खोक्यावरचं कॉम्प्युटरच्या कंपनीचं नाव वाचून सांगितलं, "रास्पबेरी हाय." आई म्हणाल्या, "या दिवसांत सरबत कशाला मागवलं? घसा धरेल."

पायाशी उशी रचून बटण तिला बांधलं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे ओळींचा वेग अगदी कमी केला. एक एक ओळ उजळत जाते, हवी ती आली की तो दाबतो, मग त्या ओळीतलं एक एक अक्षर उजळतं. स्क्रीन काळा झाला नाही. आम्ही तिघी जणी पलंगाभोवती उभ्या होतो. कॉनीनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. बराच वेळ लागला, आणि मग त्याचं वाक्य आलं.

"आई ती मालिका बंद कर."

दुपारची एक रडकी मालिका आई त्याच्या उशाशी बसून बघतात. वर्षभर. त्याला सोबत व्हावी म्हणून मुद्दाम त्याच्या खोलीत, आवाज मोठा करून. "लावू ना रे?" म्हणून रोज विचारतात आणि तो रोज भुवया वर करतो.

मला वाटलं आता आई रडतात. पण त्या हसायलाच लागल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मेल्या, वर्षभर ऐकून घेतलंस! आधी सांगायचं नाहीस?" कॉनी म्हणाली, "मी बोलत व्हती ना तुमाला? त्याला न्हाय आवडत ती." चंदनच्या भुवया नुसत्या नाचत होत्या. या घरात कोणी हसून किती काळ झाला होता, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "कौस्तुभनं केलं?" मी हो म्हटलं. तो स्क्रीनकडे बघत पडून राहिला. संध्याकाळी लिहिलं, "नीट केलंय." तुमच्या दादाकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं मला माहीत नाही. नंतर त्याचे डोळे मी पुसले.

गणपती बुधवारी बसतोय. या ना. घराची पायरी चढायची नसेल तर सोसायटीच्या मांडवात उभे राहा, मी त्याची खुर्ची लिफ्टनं खाली आणीन.

मशीनचं अजून विचारलं नाही. त्याला जरा हसू दे, मग विचारते.

उर्मिला


नवघर
१४ सप्टेंबर

कौस्तुभ भावजी,

तुम्ही आला नाहीत. नाजूक दाबाचं नवं बटण मात्र आलं. वस्तू पाठवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

बटण पाठवलंत ते बरं केलंत, कारण अंगठा थकत चाललाय. पूर्वी पहिल्या फटक्यात लागायचं ते अक्षर आता चार वेळा निसटतं. ओळ पुढे निघून जाते, परत पहिल्यापासून. घामाघूम होतो. कालपरवा सकाळी श्वास अडकला, ओठ निळे पडले. तोंडाला लावायच्या छोट्या मशीनवर निभावलं. पण डॉक्टर फोनवर स्पष्टच म्हणाले, आता ठरवा.

मी आईंना म्हटलं, चंदनला सांगायलाच हवं. त्या म्हणाल्या, "पितृपक्षात असले विषय काढू नकोस." पितृपक्ष संपल्यावर? "मग नवरात्र आहे." मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. "तो माझा मुलगा आहे. त्याला श्वास हवा की नको हे विचारायचं? तहानलेल्याला पाणी हवं का म्हणून विचारतेस?" भिंतीपलीकडे चंदन सगळं ऐकत असणार. कान चांगले आहेत त्याचे.

तुम्ही लिहिलंत, "दादा असं मशीनला टांगून जगणं कधीच पत्करणार नाही. त्याला मानानं जाऊ द्या." तुमचं ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. मलाही तसंच वाटतं. ज्या माणसाला कोणी हात धरून रस्ता ओलांडून दिलेला खपायचा नाही, तो हे कसं सोसेल? तुम्ही माझ्या बाजूनं आहात याचा फार आधार वाटतो. एवढंच, की लांबून मत देणं सोपं असतं, त्याच्या डोळ्यांत बघून विचारायचं मला आहे.

गुरुवारी आई भजनाला जातात. तेव्हा विचारणार आहे. तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं.

उर्मिला


नवघर
३ नोव्हेंबर

कौस्तुभ भावजी,

इतके दिवस लिहिलं नाही. तुमची पत्रं आली. सगळ्यांत एकच प्रश्न, विचारलंत का, काय म्हणाला?

विचारलं. त्याच गुरुवारी. कॉनीला लवकर घरी पाठवलं, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले आणि कॉरिडॉरमधलं सगळं सांगितलं. मशीनचं, ते कायमचं असण्याचं, आणि न लावण्याचंही. म्हटलं, तू नको म्हणालास तर मी आईंशी भांडेन, डॉक्टरांशी बोलेन, कौस्तुभही आपल्या बाजूनं आहे. हो म्हणालास तर लावू, हेही म्हटलं. पण भावजी, ते मी सगळ्यात शेवटी आणि घाईघाईनं म्हटलं. तो ऐकत होता. रडला नाही, काही नाही. मग पाय हलवायला लागला.

अक्षरं लागत नव्हती. ओळी नुसत्या फिरत होत्या. मला बघवेना, म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली टँकर आला होता, पाइपावरून दोघांची बाचाबाची चालली होती. मी त्याचं वाक्य मनात तयारच करून ठेवलं होतं. "पुरे आता" लिहील, नाहीतर "जाऊ दे मला." आईंना कुठल्या शब्दांत सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं. रडायचीही माझी तयारी झाली होती.

वाक्य पुरं झालं की वाजणारी ती बारीक घंटी तुम्हीच घातलीत. ती वाजली तशी मी वळले.

"मशीन लाव. मला जगायचंय."

खरं सांगू? मला आनंद झाला नाही. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय, पण कोणाला तरी सांगायलाच हवं. एवढी धडपड केली, किट आणलं, आईंशी भांडले, ती त्याचं मत कळावं म्हणून असं मी सगळ्यांना सांगत होते. मला सुटका हवी होती. आणि ती त्याच्या तोंडून हवी होती, म्हणजे माझ्यावर बोल नको. तुम्ही आणि मी, दोघं शहाणे, पत्रांतून त्याचा मान सांभाळत बसलो होतो. आईंनी काही विचारलं नाही, आणि त्यांचंच बरोबर निघालं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या तोंडावर काय दिसलं असेल देव जाणे. मी स्क्रीन बंद करायला पुढे झाले, तर त्यानं डोळे घट्ट मिटले, नाही म्हणून. परत ओळी फिरायला लागल्या. या वेळी मी जागची हलले नाही. प्रत्येक अक्षर बघितलं.

"तुला चालेल ना?"

मी म्हटलं, "हो तर! न चालायला काय झालं?" क्षणाचाही विचार न करता. हसूनसुद्धा दाखवलं.

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवलं नाही, आम्हीही याच घरचे. दिवाळीच्या आदल्या दिवशी मशीनसकट त्याला घरी आणलं. गळ्यातल्या नळीत कफ साठतो, तो पुन्हापुन्हा दुसऱ्या यंत्रानं ओढून काढावा लागतो. नाही काढला तर गुदमरतो. वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईस्तोवर मी त्याच्या छातीकडे बघत उभी असते. मशीनची शिट्टी पहिल्यांदा वाजली तेव्हा कॉनीनं छातीवर क्रूसाची खूण केली. दोन दिवस कशीबशी आली आणि मग म्हणाली, "माझ्यानं न्हाय व्हायचं गो. माझ्या हातून कायतरी झालं तं?" जाताना चंदनच्या कपाळावर हात ठेवून खूप रडली. तिला दोष देत नाही. तिच्या जागी दुसरी कोणी यायला तयार नाही. आईंचे हात थरथरतात, त्या नळीला हात लावायला धजत नाहीत. त्या शेजारी बसून त्याला सांगतात, "बघ, कसा छान श्वास चाललाय." आणि खरंच छान चाललाय.

त्या गुरुवारनंतर अंगठ्यानं एकही वाक्य पुरं झालं नाही, आणि हॉस्पिटलात तो थांबलाच. आता बटणाचा उपयोग नाही. किट टेबलावर आहे, आई त्याच्यावरची धूळ पुसतात. म्हणजे त्याचं मला विचारणं हेच त्याचं शेवटचं बोलणं झालं, आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं.

तुमच्या परवाच्या पत्रात लिहिलंय, की दादाचं जे काही उत्तर असेल ते असो, पण भुवईवर चालणारा सेन्सर मिळतो, त्याचं किट बघून ठेवलंय, पाठवू का? बोर्ड तोच चालेल, थोडी जोडणी करावी लागेल. भावजी, त्याला बोलायला येईल असं काहीही असेल तर हवंच आहे. पण कुरियरनं पाठवू नका, घेऊन या. जोडणी इथे बसून करा. नळी साफ कशी करायची ते मी शिकवीन, दोन दिवसांत हात बसतो. रात्री आळीपाळीनं जागू.

त्याला मी हो म्हटलंय, ते आता फिरवणार नाही. तो जगतोय आणि त्याला जगायचंय. पण मला नाही चालत, भावजी. मला एकटीला नाही चालत. या.

उर्मिला